येवढीच व्हती

शिनोलीत एसटीच्या थांब्यावर आम्ही मित्र हिवतापावरच्या नव्या लशीच्या संशोधनासाठी वर्गणी मागत होतो. हिरड्याचं पोतं घेऊन बसलेली आहुप्याची एक मावशी मघापासून आमचं बोलणं ऐकत होती. ती उठली आणि पदराची गाठ सोडून तिने आमच्या वर्गणीच्या डब्यात नोट टाकली.

"भाऊ, ही लस केवढ्या पोरांना देनार?"

"अगदी लहान मुलांना, मावशी."

तिने गुडघ्याजवळ हात धरला.

"माजी येवढीच व्हती. हिवतापानं गेली. तवा लस असती तर तिलाबी मिळाली असती, म्हना की."

एसटी आली, गावची माणसं तिला हाका मारू लागली, तरी हात तसाच होता. मग निजलेल्या लेकराला जाग येऊ नये, इतक्या हळू तिने तो बाजूला घेतला.