आर्तोसाहेबांच्या बापाची रेजिमेंट

जिझानच्या आमच्या कॅम्पात दोन गोष्टी कितीही झाडा, संपत नाहीत. एक वाळू, दुसरे किस्से! त्यातले निम्मे किस्से तर सौदीचे नाहीतच, फिनलंडच्या एका पायदळ रेजिमेंटचे आहेत. आमचे इंजिनिअर आर्तोसाहेब फिनलंडचे. त्यांचे वडील महायुद्धात त्या रेजिमेंटमध्ये होते, आणि चहाच्या सुट्टीत साहेबांना दुसरा विषय नसे. ऐकणारे आम्ही कोकणातले फिटर आणि रिगर. इंग्रजीचं मराठी करायला मी.

*

पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले, "उणे चाळीस डिग्रीत रेजिमेंट खंदकात बसून होती. पाव कुऱ्हाडीनं तोडावा लागे."

आमचे रिगर दाऊदचाचा दाभोळचे. हातांच्या खुणांनी क्रेनवाल्याकडून बोजा उचलवण्यात त्यांचा हात धरणारा साइटवर कोणी नव्हता. ते मनापासून हळहळले, "एवढा बर्फ फुकट गेला? अरेरे, काय मासळी टिकली असती!"

*

रेजिमेंट कुठं चार दिवस थांबली की आधी सौना बांधायची, म्हणजे घाम काढायची गरम खोली. लढाई नंतर! "इथं तेवढीच एक गोष्ट मिळत नाही," साहेब उसासले.

चाचांनी भर दुपारी एका रिकाम्या कंटेनरचं दार उघडलं. "बसा साहेब!" चाचांनी केली होती थट्टा, पण साहेब खरंच आत जाऊन बसले. बाहेर आमचाच जीव टांगणीला!

शेवटी लालबुंद होऊन बाहेर आले. म्हणाले, "छान आहे. जरा थंड वाटली."

*

त्या रेजिमेंटमध्ये म्हणे हुकूम पटला नाही तर शिपाई अधिकाऱ्याला तोंडावर सांगत. दुसऱ्याच दिवशी वारा बघून चाचांनी हाताची घडी घातली. "आज लिफ्टिंग नाही."

साहेब तापले, "ऑर्डर इज ऑर्डर!"

चाचा मला म्हणाले, "सांग त्यांना, मी त्यांच्या बापाच्या रेजिमेंटमध्ये भरती झालोय!"

साहेब पोट धरून हसले. लिफ्टिंग खलास.

*

मग सौदायझेशन आलं. रिगरच्या जागेवर सौदी माणूस हवा. फैसल नावाचा जवान गडी चाचांच्या हाताखाली आला. तो परीक्षा पास झाला की चाचांचा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, पुढे वाढणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फैसललाही. तरी चाचांनी त्याला काहीही हातचं न राखता शिकवलं.

परीक्षेच्या दिवशी फैसलनं पाइपांचा बोजा असा अलगद उतरवला की धूळसुद्धा उडाली नाही. आता निकाल साहेबांनी सांगायचा. पण साहेब, कधी नव्हे ते, कामाच्या वेळेत गोष्ट सांगायला लागले.

युद्ध संपलं. रेजिमेंटनं शेतकऱ्यांकडून घेतलेले घोडे परत करायला काढले. वडिलांच्या घोड्यानं सगळं युद्ध त्यांच्यासोबत काढलेलं. त्याला त्याच्या गावी पोचवायचं होतं. वडील मुद्दाम लांबची वाट धरून चालत राहिले. गवत दिसलं की थांबत. तळं लागलं की थांबत. पुन्हा गवत दिसे...

मीही मराठी करताना एकेक वाक्य लांबवत होतो. फैसल मान खाली घालून उभा होता. मला वाटत होतं, ही गोष्ट आज संपूच नये.

चाचांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"घोडा घरी पोचला ना साहेब?"

"पोचला."

"मग बोला, पोरगा पास!"