सोबत कोण आलंय?

बोलायची अजिबात अक्कल नसलेला, आणि तरीही ज्याच्याशी बोलायला माणसं दोन-दोन बस बदलून येतात, असा डॉक्टर अख्ख्या मराठवाड्यात एकच होता, आणि तो माझ्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होता. अंबाजोगाईच्या एका दवाखान्यात ते मनाचे डॉक्टर. 'काय, बरं आहे ना?' हे जगाचं बोलणं त्यांच्या गावीच नव्हतं. भेटेल त्याला एकच प्रश्न, "झोप लागते का?" भाजीवालीला तोच, दूधवाल्याला तोच. माझ्या पुतण्याच्या लग्नात आहेर द्यायला स्टेजवर चढले आणि नवरदेवाचा हात हातात घेऊन अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "झोप लागते का?" सगळा मांडव हसून लोळला. नवरी लाजून चूर. डॉक्टर मात्र उत्तराची वाट बघत तसेच उभे.

या माणसाला एकदा मोठं वेड लागलं. कुणी नसताना आवाज ऐकू येतात, सगळे आपल्यावर टपलेत असं वाटतं, त्या आजारावर नवं औषध निघालं होतं. जुन्या औषधानं आवाज थांबायचे, पण काहींचे हात थरथरायला लागायचे. नव्यानं तसं होत नाही म्हणे. पण 'म्हणे' चालत नाही, तपासून बघावं लागतं. चार-पाच देशांतले दवाखाने मिळून ते तपासणार होते, आणि त्यांत आपलाही दवाखाना असावा म्हणून डॉक्टर जिवाचं रान करत होते. बैठका सगळ्या लॅपटॉपवर. नेट धड लागायचं ते फक्त माझ्या गच्चीवर, टाकीच्या कोपऱ्यात, आणि ऊन चांगलं म्हणून माझ्या कुरडयाही त्याच कोपऱ्यात. तिकडची दुपार म्हणजे आपली संध्याकाळ. डॉक्टर पालथ्या घमेल्यावर बसून फाडफाड इंग्रजी बोलत, आणि जिथं वाद अडेल तिथं एक अर्धवट वाळलेली कुरडई तोंडात टाकत. त्या उन्हाळ्यात वाद फार झाले. वर्षभराच्या कुरडया माझ्या दिवाळीलाच संपल्या.

एक दिवस दारात येऊन म्हणाले, "काकू, मला एक सामान्य माणूस पाहिजे." असं संशोधन करायचं तर आधी एथिक्स कमिटीची परवानगी लागते, आणि त्या कमिटीत डॉक्टर नसलेलं, पेशंटच्या बाजूनं बघणारं एक साधं माणूसही लागतं. मी तेव्हा अवघी सदुसष्ट वर्षांची, म्हणजे अल्लडच. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई सामान्य? फणकाऱ्यानं आत गेले, आणि कोणती साडी नेसायची ते ठरवूनच बाहेर आले. कमिटी म्हणजे शाल, नारळ, सामोसा आणि फोटो, अशी माझी समजूत. आरशासमोर एक इंग्रजी वाक्य आठवडाभर घोटलं. बोलायची पाळी आली तेव्हा ते पळून गेलं, आणि मी आवाज चढवून विचारलं, "या औषधाचा त्रास काय होऊ शकतो, ते पेशंटला मराठीत सांगणार का?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, जिंकलं! तेच पहिल्या पानावर ठळक मराठीत छापलेलं होतं. चष्मा मी घरी ठेवला होता, साडीवर शोभत नाही म्हणून.

सगळं जमत आलं आणि एका अटीवर घोडं अडलं. प्रत्येक पेशंटचं घरातलं एक ठरलेलं माणूस हवं, जे त्याच्यासोबत राहतं आणि दर खेपेला सोबत येतं. आता आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की गावंच्या गावं ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यातच परततात. मागं उरतं ते आजारी माणूस. तलवाड्याची सुमन त्यातलीच. नवरा, दीर, जाऊ कारखान्यावर. हिच्या थरथरत्या हातात कोयता टिकत नाही, म्हणून ही घर राखायला. ओपीडीत कुणी विचारलं, "सोबत कोण आलंय?" की ही सांगायची, "कंडक्टर."

डॉक्टरांनी हा घाट घातला होता तो सुमनसारख्यांसाठीच. ही सगळी तपासणी चालवणाऱ्या, पडद्यावरच्या परदेशी मॅडमशी ते गच्चीवर तासभर भांडले. म्हणाले, "मी होतो हिचा नातेवाईक!" औषध तपासणाराच नातेवाईक कसा चालेल? मग माझ्याकडे बोट केलं. मी कमिटीवर, म्हणून मीही बाद. मी तिथल्या तिथं राजीनामा जाहीर केला; मराठीत, त्यामुळे कुणी घेतला नाही. मग मॅडम हळू आवाजात काहीतरी बोलल्या आणि डॉक्टर एकदम थांबले. कुरडई हातातच राहिली.

"काय म्हणाल्या हो?"

"घरात एकटी असताना ती कोसळली, तर तुम्हाला कळणार कधी?" लॅपटॉप मिटत ते म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं, काकू."

ज्यांची माणसं घरी असतात तेवढेच पेशंट घ्या, असा मार्ग मॅडमनी सुचवला होता. डॉक्टर नको म्हणाले. आमचा दवाखाना गळला. त्यांचं ते शहाणपण की आडमुठेपणा, मला अजून ठरवता येत नाही.

पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. आता वरून इंग्रजी ऐकू येत नाही. कुरडया मी घालते, त्या कुणी खात नाही. मुलगा बंगळुरूहून रविवारी फोन करतो, नातीला पुढं करतो. ती हात हलवून पळून जाते.

सुमन मात्र दर महिन्याला ओपीडी उरकली की माझ्याकडे येते. मी चहा टाकते, गोळ्या घेतेस ना म्हणून दटावते. एकटी बिचारी, आपण नाही बघायचं तर कुणी, असा माझा तोरा. परवा तिला म्हटलं, "एवढ्या उन्हात इकडे कशाला येतेस गं? बस चुकेल."

"चुकू द्या की. डॉक्टर जातानी सांगून गेलते, काकू एकट्या हायत, दर खेपेला बगून येत जा. घरी गेल्यावर मी त्यांला फोन लावते, बाई बऱ्या हायत म्हनून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"कावून सांगायचं? तुमाला राग आला असता."

आला असता. मी कप उचलून आत ठेवले. तिनं थरथरत्या हातानं फाटकाची कडी लावली आणि निघाली. गल्लीच्या तोंडाशी थांबून एकदा मागं बघितलं. मी दारात उभी आहे हे दिसल्यावर मगच स्टँडकडे वळली.