अण्णांचे चणे-वाटाणे

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत अण्णांनी सगळ्यांच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवलं, बायकोला मात्र कधीच नाही. सरोजकाकूंनी चुकून काही विचारलंच, तर उत्तर ठरलेलं, "तुला नाही कळायचं ते." मी अण्णांची विद्यार्थिनी, पण या वाक्याचा मला तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो.

गेल्या वर्षी अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. कळायचं सगळं, पण शब्द सापडेनात. काकू त्यांना ठाण्यात माजिवड्याला स्पीच थेरपीला न्यायच्या आणि रोज संध्याकाळी समोर बसून विचारायच्या, "अहो, माझं नाव काय?" त्यांना एकदा ते ऐकायचं होतं, बस्स. अण्णा तोंड उघडायचे, मिटायचे, आणि त्यांचे डोळे भरून यायचे.

एके सकाळी काकूंनी मला हाक मारली, "क्षिप्रा, हे काय करतायत बघ गं!" उसळीसाठी भिजवलेले चणे-वाटाणे पुढ्यात ओढून अण्णा डाव्या हाताने त्यांत टूथपिक खुपसत होते. मधे एक चणा, त्याला तिरपे दोन वाटाणे. वर्गात ते असंच शिकवायचे, वाटाणे नेहमी हायड्रोजन, आणि मधला चणा कुठला अणू ते वाटाण्यांच्या संख्येवरून ओळखायचं; दोन असले की ऑक्सिजन.

"काकू, पाणी! तहान लागलीय त्यांना."

अण्णांनी सगळा तांब्या संपवला.

मग काकूंनी अण्णांची जुनी वही काढली आणि अडुसष्टाव्या वर्षी अभ्यासाला बसल्या. चण्याला तीन वाटाणे म्हणजे अमोनिया, बाथरूमला न्यायचं. चार वाटाणे म्हणजे मिथेन, पाइपचा गॅस, म्हणजे चहा टाकायचा. "मला नाही कळायचं म्हणे," असं म्हणत त्या अण्णांना चिडवायच्या.

परवा मी गेले तेव्हा अण्णा अस्वस्थ होते. पुढ्यात नवीनच काहीतरी होतं. दोन चणे एकमेकांना जोडलेले, दोन्ही टोकांना एकेक वाटाणा. काकूंनी पाणी दिलं, त्यांनी भांडं ढकललं. चहा विचारला, तोही नको. मी सांगणार होते, पण काकूंनी मला गप्प केलं आणि वहीत बोट फिरवत शोधू लागल्या.

"सापडलं! हायड्रोजन पेरॉक्साइड. अगंबाई, जखमेवर लावतात ते! अहो, कुठे लागलं तुम्हाला?"

अण्णांनी नकारार्थी मान हलवली आणि वहीवरचं काकूंचं बोट हलकेच धरलं. सकाळी विळीवर कापलेल्या त्या बोटाला चिंधी गुंडाळलेली होती. काकू ते विसरूनही गेल्या होत्या.

त्या संध्याकाळी काकूंनी आपलं नाव विचारलं नाही.