दोनशे फुटांखालचं शौर्य

गेल्या महिन्यात सुप्याजवळच्या आमच्या घरी नातीसाठी जेवण ठेवलं होतं. ती विमान चालवायला शिकते आणि पुढच्या आठवड्यात तिची परीक्षा होती. मीही निवृत्त वैमानिक, त्यामुळे थोरल्या भावानं नेहमीप्रमाणे माझी गोष्ट काढली.

"ढगात काय बी दिसंना. संगटचा पायलट भ्याला, म्हनला वर चला. पर आमचा धाकला हटला न्हाई. बरोबर पट्टीवर टेकवलं! लोकांनी टाळ्या वाजवल्या."

नात हसली. "म्हणजे आजोबा, उंचीचे आकडे पुस्तकात आणि जिगर हातात!"

माझं डोकं फिरलं. ताट सरकवून मी ओरडलो, "दादा, बास! खोटं आहे ते!"

भावाचा त्यात काही दोष नव्हता. ही गोष्ट त्याला मीच सांगितली होती, आणि इतकी वर्षं ऐकून मिशीतल्या मिशीत हसलोही होतो. पण आता ती या पोरीच्या डोक्यात शिरत होती. उद्या तिच्या मागे माणसं बसणार होती.

ढगातून उतरताना, उतरायचं की परत वर जायचं हे ठरवण्याची एक उंची ठरलेली असते. नकाशावर तिचे दोन आकडे असतात. मोठा समुद्रसपाटीपासूनचा, लहान धावपट्टीपासूनचा. समोरचं यंत्र मोठा आकडा दाखवतं. आमच्या अंगणात विमान उभं केलं तरी ते दोन हजार फुटांच्या वर दाखवेल, कारण आपला मुलूखच तेवढा उंच आहे. त्या गोष्टीतला विमानतळही अशाच पठारावर होता. पट्टीपासून दोनशे फुटांवर निर्णय घ्यायचा होता. तिथे सहवैमानिक पुकारतो, "मिनिमम्स," म्हणजे ठरलेली उंची आली. कॅप्टननं दोनच उत्तरं द्यायची. दिवे किंवा पट्टी दिसली तर उतरतो, नाहीतर वर जातो. तिसरं उत्तर नाही.

त्या दिवशी माझ्या सहवैमानिकानं पुकारलं. समोर नुसता पांढरा ढग. मी म्हणालो, "बघू."

बघू! घरी पाहुण्याला टाळताना म्हणावं तसं. तो म्हणाला, "सर, काही दिसत नाही, वर चला." मी म्हणालो, "गप बस." विमान खाली जातच राहिलं. काही श्वासांनंतर दिवे दिसले, तेही डाव्या बाजूला सरकलेले. मी विमान ओढून पट्टीवर आणलं. ते नशीब होतं, कौशल्य नव्हे. टाळ्या मात्र मी घेतल्या.

पुढचं त्याहून वाईट. वरिष्ठांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, मला दिवे वेळेत दिसले होते, पोरगा गांगरला. तो हुशार होता आणि खरं बोलत होता, पण माझ्या खांद्यावरच्या कॅप्टनच्या पट्ट्यांपुढे त्याचं कोण ऐकणार? त्याचं कॅप्टन होणं लांबलं. सगळीकडे त्याला भित्रा म्हणू लागले. तो शब्द माझा होता.

हे सगळं मी त्या पंगतीत सांगितलं. पुतण्या चाचरत म्हणाला, "काका, आता कशाला उकरता? कुणी मेलं तर नाही ना?"

"मेलं नाही म्हणून खरं ठरतं का रे? गाढवा, ही पोर तेच करणार होती!"

भाऊ मान खाली घालून म्हणाला, "मी गावभर सांगत हिंडलो, धाकल्या. तू येकदा तरी अडवायचं हुतंस."

नात मात्र मघापासून माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचं कौतुक गेलं होतं आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही. तिनं विचारलं, "त्या वेळी वर जायचं असतं, तर जवळ डोंगर होता का, कुठल्या बाजूला? वळायचं कुठे होतं?"

इतक्या वर्षांत हे मला कुणीही विचारलं नव्हतं. सगळ्यांना उतरल्याचंच कौतुक.

"उजवीकडे डोंगर," मी म्हणालो. "सरळ चढून मग डावीकडे वळायचं. इंधनही भरपूर होतं. काही अडचण नव्हती."

"मग का नाही गेलात?"

"परत फिरलो असं लोक म्हणतील म्हणून."

ती उठली, हात धुऊन आली आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. "त्या सहवैमानिकांचा नंबर शोधा. त्यांना फोन करा. माझ्यासमोर."

मी सापडेल त्या जुन्या सहकाऱ्याला फोन करत सुटलो. तिसऱ्यानं नंबर दिला. पलीकडून त्याचा आवाज आला. मी म्हणालो, "दिवे मला वेळेत दिसले नव्हते. तू बरोबर होतास."

तो म्हणाला, "मला माहीत आहे, सर. हे त्यांना सांगा, ज्यांना तुम्ही तेव्हा खोटं सांगितलंत." आणि फोन ठेवला.

त्यातले जे हयात आहेत, त्यांना मी सांगायला सुरुवात केली आहे.