सुट्टीचे तीन चौकोन

गोखिवऱ्याच्या आमच्या मसाल्याच्या कारखान्यात कर्मचाऱ्यांच्या नोंदींसाठी नवी सिस्टिम यायची होती. त्याआधी प्रत्येक काम कसं चालतं, ते चौकोन आणि बाण काढून दाखवायचं काम माझ्याकडे, म्हणजे एचआरकडे आलं. सुट्टीपासून सुरुवात केली. कामगार अर्ज करतो, सुपरवायझर मंजूर करतो, मी नोंद करते. तीन चौकोन झाले, तरी माझं खुर्चीत बूड टिकेना. उठले आणि पॅकिंगला जाऊन उभी राहिले.

तिथं अर्ज कोणीच करत नव्हतं. घरची बोट किनाऱ्याला लागणार असली की अर्नाळ्याची बाई लाइनवरच्या सगळ्यात जुन्या मावशीला सांगायची. केळीचे घड उतरवायचे असले की वटारची बाई सांगायची. कोणाच्या जागी कोण बसणार, हे मावशीच ठरवायची. सुपरवायझरला फक्त भरलेल्या खुर्च्या दिसायच्या.

मावशीनं माझा कागद निरखून पाहिला. "आनी पोरी, यात मी कुठं?"

मी चौथा चौकोन काढला. साहेबांनी तो खोडला. म्हणाले, "हे पद नाही आपल्याकडे." मी भांडायला हवं होतं, पण तीन चौकोनांचाच कागद पुढे पाठवला.

आता सिस्टिम चालू आहे. एकाच दिवशी तीन-तीन खुर्च्या रिकाम्या असतात आणि प्रत्येकीचा अर्ज रीतसर मंजूर असतो. परवा न राहवून मावशीकडे गेले. म्हटलं, पूर्वीसारखं जरा बघा ना.

तिनं हातातलं पाकीट सील केलं, बाजूला ठेवलं.

"कुनाच्या जागी कोन बसायचं, ते आता कॉम्प्युटरला विचारा, मॅडम."