जे लग्नाला येत नाहीत

माझ्या साडूंइतका छळवादी हितचिंतक कावेरीच्या दोन्ही काठांवर दुसरा नसेल. एखादी गोष्ट पडते केवढ्याला आणि परत देते काय, हे तोलल्याखेरीज हा माणूस शिंकतसुद्धा नाही. छत्री किती पावसांत आपली किंमत फेडील, या विचारात ते ऐप्पसीचा अख्खा पावसाळी महिना भिजत काढतात. एकदा मेहुणीला रेशमी साडी घ्यायला आम्ही दारासुरमला गेलो. साडी राहिली बाजूला. विणकराला दिवसाकाठी सुटतं काय, व्यापाऱ्याकडून उचल किती, याचीच चौकशी. शेवटी तो बिचारा हात जोडून म्हणाला, "सार, साडी घ्यायला आलात की मला मुलगी द्यायला?" मी मुकाट रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. मुकाट राहणं हाच माझा जन्माचा उद्योग.

आम्ही तंजावरी मराठी. घरात आमची जुनाट मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. पैशाचं बोलणं मात्र आम्ही घरातही तमिळमध्येच उरकतो. आईच्या भाषेत कुणाला पगार विचारणं अंगावरचा पंचा ओढल्यासारखं वाटतं. साडूंनी ही रीत काटेकोर पाळली आणि तिचंच हत्यार केलं. कल्याण मंडपात लग्नाची पंगत बसली की ते नेमके नोकरदार पोराशेजारी पान धरणार. ताकभात येईपर्यंत पानावरून उठता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. रसम वाढायला आलं की पहिला प्रश्न, "सम्बळम् एव्वळवु?" म्हणजे पगार किती. पायसम येईस्तोवर शिक्षणाच्या कर्जावर घसरलेले. पोरं पापड मोडत राहतात आणि आम्ही नातेवाईक केळीच्या पानात तोंड खुपसतो.

अशात माझ्या मुलीनं बारावीनंतर संख्याशास्त्र घेणार असं जाहीर केलं. गावातल्या सरकारी कॉलेजात फी नावापुरती. पण तिचा जीव चेन्नईच्या एका खासगी संस्थेत अडकलेला, आणि तिथं कर्जाशिवाय पाय ठेवता येत नव्हता. हे कळताच साडूंना उधाण आलं. त्या मोसमातलं एकही लग्न त्यांनी सोडलं नाही. वधूवरांना ओळखत नसले तरी गेले. मग एका रविवारी आमच्या ओसरीवर बसून त्यांनी निकाल दिला.

"चेन्नईच. आकडेमोडीचं शिकलेली जेवढी पोरं भेटली, सगळी सुखात आहेत. कर्ज कापरासारखं उडून जातं!"

"काका, ही सगळी लग्नाला आलेली ना?" मुलीनं विचारलं.

"मग काय मसणात गाठू त्यांना?"

"आणि जी आलीच नाहीत ती? ज्यांचं कर्ज फिटलं नाही, ती तुमच्या शेजारी जेवायला बसतील कां?"

बायको खळखळून हसली. "बघा, न शिकताच पास झाली की हो!"

मला हसू येईना. आमचा थोरला होसूरला असतो. असल्याच खासगी संस्थेत, असल्याच कर्जावर शिकला. गेली काही वर्षं प्रत्येक लग्नाला त्याची रजा नामंजूर होते.

"तुझा अण्णा येत नाही," मी मुलीला म्हणालो. "त्याच्या पगारात खोलीचं भाडं आणि जेवण भागतं. कर्जाचा हप्ता मी भरतो. तो भरतो असं मीच तुला सांगत आलो." आणि हे मी मराठीत बोललो. तमिळमध्ये तो नुसता हिशेब झाला असता.

मग साडू माझ्यावरच उखडले. "मला कां नाही सांगितलंत?"

"सगळ्या जिल्ह्याला विचारता. मला एकदा तरी विचारलंत?"

"तुम्हांला कसं विचारूं?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "घरचे तुम्ही."

या माणसावर मी जन्मभर चिडत आलो. त्या दिवशी मात्र कशावर चिडावं तेच कळेना.

चेन्नईचा फॉर्म मुलीनं भरला नाही. रडली नाही, रुसलीही नाही, आणि तेच मला जड गेलं. कॉलेजच्या पहिल्या दिवशी साडू सकाळीच स्कूटर पुसून दारात हजर. कॉलेज चालत जाण्याजोगं, पण ऐकतील तर ते साडू कसले. ती मागं बसल्यावर समजुतीच्या सुरात म्हणाले, "चेन्नई कुठं पळून जात नाही गे. पुढची पदवी तिथं कर."

"करीन की काका," ती म्हणाली. "आधी अण्णाचं फिटूं दे. मग माझं काढूं."

साडूंनी स्कूटर सुरू केली. पण बराच वेळ ती दारातच धडधडत राहिली.