कुंपणापाशी रुतलेली गोळी

वेंडेल, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं पाद्री मला बजावून गेला. त्याला बोलायला काय जातंय! तो सव्वीस वर्षं सोडतीत नाव घालून बसला नव्हता. मी अजून तुझ्यावर रागावलेली आहे, आणि हे तुला लेखी कळवते आहे.

एवढं लिहून आर्डिथ हाल्वर्सननं पेन आपटलं. नवरा जाऊन तीन आठवडे झाले होते. राग नोव्हेंबरातला होता, आणि जराही शिळा झाला नव्हता.

वेंडेल चाळीस वर्षं खाणीच्या कारखान्यात लेथवर होता. निवृत्त झाल्यावर हातातलं सगळं कसब त्यानं रायफलची काडतुसं घरी भरण्यात ओतलं. पितळी पुंगळ्या घासायच्या, बंदुकीची दारू कणाकणानं तोलायची, गोळी किंचित आत, किंचित बाहेर बसवून बघायची. मग नेमबाजीच्या मैदानावर मेजाशी बसून पाच बार काढायचे आणि कागदावरच्या भोकांमधलं अंतर मोजायचं. चांगले कागद फ्रिजच्या दारावर. नातवंडांचे फोटो त्यापायी कधीच खाली उतरले होते.

त्या वर्षी आर्डिथला सोडतीत रानमेंढ्याच्या शिकारीचा परवाना लागला. मोंटानात तो लागतो तोच मुळी नशिबानं. शहात्तराव्या वर्षी पुन्हा लागायची आशा कसली? सप्टेंबरातच तिनं वेंडेलचं दारू-गोळीचं एक मोजमाप पसंत केलं.

"बास. हीच काडतुसं. आता हात लावायचा नाही."

"अगं, अजून थोडं सुधारेल."

"मेंढ्याची छाती ताटाएवढी असते, वेंडेल. शर्टाच्या बटणाएवढी नाही!"

ऐकेल तर शपथ. आज वारा आहे, आज पुंगळ्या नव्या आहेत, असं करत त्यानं ऑक्टोबर घालवला. त्या डोंगरात एकटीनं जायचं तिचं वय राहिलं नव्हतं, नाहीतर ती गेलीच असती. शेवटी नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरचा रविवार उरला. हंगामाचा शेवटचा दिवस.

चार मैल चढून दोघं तारेच्या कुंपणाशी आले. कुंपण ओलांडण्याआधी बंदुकीतलं काडतूस काढायचं, हे तिथं पोरांना चालण्याबरोबरच शिकवतात. आर्डिथनं बोल्ट, काडतूस बाहेर खेचणारा दांडा, मागं ओढला. पुंगळी आली, गोळी आली नाही. ती नळीतच रुतून बसली, आणि काळी दारू मोहरीसारखी बंदुकीच्या खाचेत सांडली.

"हे काय आहे?"

वेंडेलचे कान लाल झाले. "गोळी जरा पुढं बसवली होती. नळीतल्या आट्यांना टेकेल इतकी. पाचही एकाच भोकात गेल्या, आर्डी!"

"कधी केलंस?"

"गुरुवारी."

"माझ्या काडतुसांच्या डब्यात? मला न सांगता?"

"तुला आवडेल असं वाटलं."

मैदानावर बंदुकीत घातलेलं काडतूस कोणी परत काढत नाही, ते उडतंच. डोंगरात मात्र ते दर कुंपणाशी काढावं लागतं. जन्मभर शिकार केलेल्या माणसाला कागदांच्या नादात एवढंही आठवू नये!

तेवढ्यात समोरच्या उतारावर, दोनशे पावलांवर, पूर्ण वळलेल्या शिंगांचा मेंढा खडकामागून उठला.

"गज कुठाय?" ती दात खाऊन म्हणाली. गोळी ठोकून काढायला लोखंडी गजच लागतो.

"गाडीत. दुसरं काडतूस घालू नकोस हं, नळी फुटेल."

"हे मला शिकवतोस? तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय मी, गाढवा!"

वेंडेलनं स्वतःची बंदूक आणलीच नव्हती, नुसती दुर्बीण आणली होती. ती त्यानं डोळ्यांना लावली. "काय देखणा आहे गं," तो पुटपुटला.

"तोंड बंद ठेव."

मेंढा अकरा मिनिटं उभा राहिला. मग सावकाश, कोणाचीच भीती नसल्यासारखा, धारेपलीकडे उतरला.

घरी वेंडेलनं एका ठोक्यात गोळी काढली. त्यानं ती अधिकच भडकली. एका ठोक्यात!

"उद्या गावात जायचं," ती म्हणाली, "आणि दुकानातून कारखान्यात भरलेल्या काडतुसांचा डबा आणायचा. सगळ्यात स्वस्त. सगळ्यांदेखत."

निवृत्त झाल्यापासून असा डबा त्यानं एकदाही विकत घेतला नव्हता. "आर्डी, दुसरं काहीही सांग."

"डबा."

डिसेंबरभर तो टोपी घालून दारापर्यंत जायचा. "रस्ता घसरडा आहे आज," म्हणून टोपी काढायचा. जानेवारीत तो खुर्चीत बसल्या बसल्या गेला.

आर्डिथ आठवड्यातून दोनदा त्या दुकानावरून जाते. तसले डबे काचेतून दिसतात. ती गाडी थांबवत नाही. काम त्याला सांगितलं होतं.